ड्रेडलॉक्स म्हणजे न धुतलेले केस नव्हेत

कृष्णवर्णीयांचे ड्रेडलॉक्स, म्हणजे दोरीसारख्या वळलेल्या केसांच्या बटा, केस न धुतल्यामुळे तयार होतात, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. आपल्याकडे डोक्यातली जट पाहिलेल्यांना तो चटकन पटतोही. प्रत्यक्षात घट्ट कुरळ्या केसांची एकेक बट वेगळी काढून ती तळहातांमध्ये वळतात, मुळाशी नवे केस वाढले की पुन्हा वळतात, आणि हे काम स्वच्छ केसांवरच नीट जमते, कारण तेलकट केस एकमेकांत गुंतण्याऐवजी निसटतात. शाम्पू अर्थातच लागतो.

या गैरसमजाची किंमत नोकरीतही मोजावी लागते. अमेरिकेत अलाबामातील मोबाइल शहरात २०१० मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणीने ड्रेडलॉक्स कापण्यास नकार दिल्यामुळे तिला देऊ केलेली नोकरी मागे घेण्यात आली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने, केशरचना बदलता येते या कारणास्तव, यात वांशिक भेदभाव नाही असा निकाल दिला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये फॅशन डिझायनर मार्क जेकब्स यांच्या फॅशन शोमध्ये बहुतांश श्वेतवर्णीय मॉडेल लोकरीचे रंगीबेरंगी ड्रेडलॉक्स मिरवत होत्या. सांस्कृतिक बळकावणुकीचा, म्हणजे दुसऱ्या समाजाची ओळख फॅशन म्हणून उचलल्याचा, आरोप झाला तो नेमका या दुजाभावामुळे, आणि तो मला रास्त वाटतो. अशा भेदभावाला बंदी घालणारा क्राउन कायदा अमेरिकी राज्यांपैकी सर्वप्रथम कॅलिफोर्नियाने केला, तोही २०१९ मध्ये.