रिपोर्टमध्ये लाल अक्षरात 'डिटेक्टेड' आलंय, मग?

रात्री पावणेअकराला मैत्रिणीचा मेसेज आला. रिपोर्टचा फोटो आणि खाली एवढंच, "मला कॅन्सर झालाय का गं?"

फोटो मोठा करून बघितला. एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमाव्हायरस) टेस्टच्या चार ओळी. एचपीव्ही १६: नॉट डिटेक्टेड. एचपीव्ही १८: नॉट डिटेक्टेड. अदर हाय रिस्क एचपीव्ही: डिटेक्टेड. इंटर्नल कंट्रोल: व्हॅलिड. तिसरी ओळ लाल आणि ठळक, बाकीच्या काळ्या. लॅबने रिपोर्ट मेल करून टाकला, डॉक्टर तीन दिवसांनी भेटणार, तोवर बाईने करायचं काय तर गुगल, आणि तिथे एचपीव्ही टाकलं की पुढचा शब्द कॅन्सरच येतो. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय, कारण हा घोळ खूप जणींचा होतो.

पहिली गोष्ट, ही टेस्ट कॅन्सर शोधतच नाही. पिशवीच्या तोंडाशी, म्हणजे गर्भाशयमुखाशी, ब्रश फिरवून जे काही येतं ते पॅप टेस्टमध्ये मायक्रोस्कोपखाली बघतात. तिचा प्रश्न असतो, पेशी बिघडल्यात का? एचपीव्ही टेस्टचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, पेशी बिघडवू शकेल असा व्हायरस इथे आहे का? म्हणजे चोरी झाली की नाही हे ती सांगत नाही, अंगणात कुणी अनोळखी दिसलं एवढंच सांगते.

करतात कसं, तर पीसीआर. कोव्हिडमुळे हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. व्हायरसच्या डीएनएचा ठराविक तुकडा दर फेरीला दुप्पट करायचा, ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर होतात, मग दिसतो. आणि ती चौथी ओळ, जी कुणीच वाचत नाही, ती माझी सगळ्यात लाडकी. तिथे बऱ्याचदा माणसाचाच एखादा जीन शोधलेला असतो. तो सापडला म्हणजे नमुन्यात खरंच बाईच्या पेशी होत्या. नाही सापडला तर ब्रशला काही लागलंच नव्हतं किंवा मशीनमध्ये गडबड झाली, आणि मग वरच्या 'नॉट डिटेक्टेड'ला काडीची किंमत नाही, नमुना परत द्यायचा.

आता तिसरी ओळ. एचपीव्हीचे २०० च्या वर प्रकार आहेत, बहुतेक निरुपद्रवी, काही साधे चामखीळ देणारे, आणि डझनभर 'हाय रिस्क'. त्यातले १६ आणि १८ हे दोघेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेसना जबाबदार, म्हणून त्यांना वेगळी ओळ, बाकीच्यांची एकत्र मोट. मैत्रिणीचा होता या मोटेतला कुणीतरी.

पण व्हायरसने कॅन्सर होतोच कसा? इथे मी थोडी वाहवत जाणार आहे.

गर्भाशयमुखावरचं अस्तर थरांचं असतं. तळाच्या थरातल्या पेशी विभागतात, नव्या पेशी वर ढकलल्या जातात, वर जाता जाता विभागणं बंद करतात, म्हणजे रिटायर होतात आणि शेवटी गळून पडतात. एचपीव्ही बारीकशा खरचटीतून तळाच्या थरात शिरतो. त्याचं सामान किती, तर डीएनएची एक रिंग, जेमतेम ८,००० अक्षरांची, त्यात आठेक जीन. आपल्या डीएनएची अक्षरं ३०० कोटींच्या आसपास आहेत, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्याशा सामानात डीएनए कॉपी करणारं मशीन बसत नाही, ते तो आपल्या पेशीचं वापरतो. आता गंमत बघा, हे मशीन पेशी विभागत असतानाच चालू असतं, आणि व्हायरसला आपल्या प्रती काढायच्या असतात वरच्या थरात, कारण तिथून गळून बाहेर पडणं सोपं. पण वरच्या पेशी तर रिटायर झालेल्या, कारखान्याला कुलूप.

मग तो कुलूप फोडतो. त्याच्याकडे ई७ नावाचं प्रोटीन आहे. आपल्या पेशीत विभागणीवर आरबी नावाचा ब्रेक असतो, ई७ त्याला जाऊन चिकटतं आणि ब्रेक सुटतो, रिटायर झालेली पेशी परत कामाला लागते. पण आपली पेशी इतकी बावळट नाही. ब्रेक असा भलत्या वेळी सुटला की पी५३ नावाचा राखणदार जागा होतो आणि पेशीला थांबवतो, नाहीतर सरळ आत्महत्या करायला लावतो. त्यावरही व्हायरसकडे तोड आहे, ई६. ई६ राखणदाराशी मारामारी करत नाही. पेशीत नको असलेल्या प्रोटीनवर 'कचरा' अशी चिठ्ठी लावणारं एक एन्झाइम असतं, ई६ त्यालाच धरून आणतं आणि ती चिठ्ठी पी५३ वर लावून घेतं. पुढचं काम पेशीची कचरागाडीच करते, आपल्याच राखणदाराचा चुरा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसती बसले होते.

बरं, एवढं होऊनही बहुतेक वेळा काही बिघडत नाही. त्या पेशी गळणारच असतात, आणि ई६-ई७ वर व्हायरसचाच ई२ नावाचा लगाम असतो. घोटाळा होतो तो व्हायरसची रिंग तुटून आपल्या क्रोमोझोममध्ये घुसून बसते तेव्हा. हा तुटण्याचा अपघात अनेकदा नेमका ई२ च्या जागी होतो. लगाम गेला, ई६ आणि ई७ मोकाट. ब्रेक नाही, राखणदार नाही, पेशी विभागत राहते आणि दर विभागणीत चुका साठत जातात. यात व्हायरसचाही काही फायदा नाही हं, तुटलेल्या रिंगमधून नवे व्हायरस बनत नाहीत, म्हणजे त्याच्या दृष्टीने तो गाडीसकट दरीत गेला.

याचा पुरावा फार सुंदर आहे. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत विभागतायत, त्यांच्या डीएनएत एचपीव्ही १८ चा तुकडा अडकलेला आहे. संशोधकांनी त्या पेशींत ई२ परत सोडलं, तर ई६-ई७ दबले आणि वर्षानुवर्षं न थांबलेल्या पेशी चक्क म्हाताऱ्या होऊन थांबल्या. म्हणजे पी५३ चा जीन शाबूत होता, फक्त त्याला रोज कचऱ्यात टाकलं जात होतं.

(जिथे ई६, ई७, ई२ ची सरमिसळ झाली असेल तिथे एवढंच धरा: दोन गुंड, एक लगाम.)

हे सगळं व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. बहुतेक जणींची प्रतिकारशक्ती त्याआधीच व्हायरसला दाबून टाकते, १० पैकी ९ इन्फेक्शन दोनेक वर्षांत टेस्टमध्ये दिसेनाशी होतात. काळजी असते ती वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेल्याची. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की एचपीव्ही टेस्ट ३० व्या वर्षापासून करा आणि निगेटिव्ह आली तर पुढची ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बायकांना २५ पासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी. बाकीच्यांनी विशीत करून बघण्यात फार अर्थ नाही, तेव्हा इन्फेक्शन येतात नि जातात, हाती लागते ती नुसती घबराट.

आणि हो, पॉझिटिव्ह आलं की घरात जे खटले भरतात ते कृपा करून भरू नका. लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक सगळ्यांना, पुरुषांनाही, कधी ना कधी हा होऊन जातो, वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यामुळे तो कधी आला आणि कुणाकडून आला हे कुठलाही रिपोर्ट सांगत नाही. ही चारित्र्याची टेस्ट नाही. तसंच 'पिशवी शुद्ध करणारा' काढा आणि 'इम्युनिटी वाढवून एचपीव्ही २१ दिवसांत साफ' करणाऱ्या गोळ्या, असलं कुणी विकत असेल तर साफ होतो तो फक्त खिसा. "पिशवीच काढून टाका, कटकट नको" हा सल्लाही नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर कुणी ऐकू नये.

पॅप टेस्ट वाईट होती का? अजिबात नाही. पापानिकोलाऊ नावाच्या ग्रीक डॉक्टरने गिनीपिगवर सुरुवात करून ती शोधली, तिने कितीतरी बायका वाचवल्या. पण ती बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून, शिवाय एका खेपेत बरंच निसटतं, म्हणून वरचेवर करावी लागते. व्हायरस १९८३ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या टीमने गाठीत पकडला (१६, पुढच्या वर्षी १८), त्याचं नोबेल २००८ मध्ये. २००९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३० हजारांवर बायकांचा अभ्यास छापून आला, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. एका गटाला तपासणी दिलीच नव्हती यावरून नंतर वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

अजून एक फायदा, ही टेस्ट बाई स्वतः नमुना घेऊनही करू शकते. पॅपला नेमक्या जागेच्या पेशी लागतात, पीसीआरला व्हायरसचा डीएनए पुरतो, आणि तो योनीतल्या स्वॅबवरही मिळतो. तपासणीच्या टेबलावर जायच्या लाजेने वर्षानुवर्षं टाळणाऱ्यांसाठी हे फार मोठं आहे.

पॉझिटिव्ह आल्यावर सहसा असं होतं: १६ किंवा १८ असेल तर थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून भिंगातून बघणं, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. बाकीचे असतील तर आधी पॅप. कॅन्सरच्या आधीची अवस्था सापडली तर तेवढाच भाग जाळतात किंवा काढतात, बहुतेकदा भरती न होता. एचपीव्हीची लस घेतलेल्यांनीही टेस्ट करायची, कारण लस सगळे प्रकार झाकत नाही आणि आधीच आत आलेल्याला हाकलत नाही. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर मात्र स्क्रीनिंगची वाट बघू नका, टेस्ट निगेटिव्ह असली तरी डॉक्टरकडे जा, थोडे कॅन्सर या टेस्टला चुकवून जातात.

मैत्रिणीच्या त्याच बाटलीतल्या नमुन्यावर पॅप केली, नॉर्मल आली, वर्षभराने परत बोलावलंय. महिन्याभरापूर्वी तिने मोठ्या बहिणीला ओढून नेलं. रिपोर्टचा फोटो मला आला, खाली लिहिलेलं, "तिन्ही नॉट डिटेक्टेड. आणि कंट्रोल व्हॅलिड आहे, आधी तेच बघितलं."