मानेवरचं लेबल

शर्ट घालून झाला, एक बूट चढला आणि मुलानं जमिनीवर लोळण घेऊन किंचाळायला सुरुवात केली. आई बूट झटकते, मोजा उलटा करून बघते. दोष निघतो तो मानेशी शिवलेल्या चिमुकल्या लेबलात. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या कितीतरी घरांत नवा कपडा आला की आधी कात्री शोधतात, ती यासाठी.

लेबल आपल्यालाही टोचतं. पण पाचेक मिनिटांत ते आपण विसरतो. तोच तो निरोप पुन:पुन्हा आला की मेंदू त्याकडे काणाडोळा करायला शिकतो. पंख्याची घरघर अशीच विरून जाते. अनेक स्वमग्न मुलांत हे विरणं उशिरा होतं. एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचा कुठला भाग केव्हा जास्त काम करतो ते दाखवणाऱ्या स्कॅनच्या, अभ्यासांत अशा काही मुलांच्या अमिग्डलामध्ये, म्हणजे धोका हेरणाऱ्या भागात, खरखरीत स्पर्शाला आणि साध्या गोंगाटालाही जोरदार प्रतिसाद दिसला आणि तो लवकर ओसरलाही नाही. याच्या उलटही असतं. गुडघा फुटला तरी एखादं मूल हूं की चूं करत नाही. निदानाच्या निकषांत संवेदनांचा हा मुद्दा 2013 साली डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, आला. तोवर आईबाप हे सांगत, आणि ऐकणारे ते लाडाच्या खात्यात जमा करत.

हट्ट आणि मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा ताबा सुटणं, यांतला फरक म्हणूनच घराला लवकर ओळखता यावा लागतो. हट्ट करणारं मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून अंदाज घेतं आणि हवं ते मिळालं की बहुधा थांबतं. मेल्टडाउनमध्ये प्रेक्षक नसला तरी रडणं चालूच राहतं, हातात काहीही दिलं तरी. तेव्हा समजावणं म्हणजे गोंगाटात आणखी एक आवाज. दिवा मंद करायचा, गप्प राहायचं, जवळपास बसायचं. हे आईबापांना जमायला वेळ लागतो, आणि पाहुण्यांना तर विचारूच नका.

पाहुण्यांचं एक वेळ ठीक, पण शास्त्रानंही आईला बोल लावला होता. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 स्वमग्न मुलांवरचा निबंध लिहिला. पुढे आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणामुळे मूल असं होतं ही समजूत बळावली. तिला 1964 मध्ये पुस्तक लिहून आव्हान दिलं ते बर्नार्ड रिमलंड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. 1977 मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या अभ्यासल्या. एकबीज, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या, जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 मध्ये दोघंही स्वमग्न होती, द्विबीजांच्या, म्हणजे साध्या भावंडांइतकीच जनुकं जुळणाऱ्यांच्या, 10 पैकी एकाही जोडीत नाही. माया कमी पडल्यानं हे झालं असतं, तर द्विबीज जुळ्यांनाही आई एकच होती की! नमुना लहान होता, पण बोट आनुवंशिकतेकडे वळलं ते वळलंच. मोठं मूल स्वमग्न असेल तर पाठच्या भावंडात ती शक्यता सुमारे 20 टक्के असते, असं आता मोठ्या अभ्यासांतून दिसतं.

उरलेल्या भावंडांबद्दल फारसं बोललं जात नाही. ती मात्र घरचं शास्त्र फार लवकर शिकतात. सांगून आलेला आवाज अचानक आलेल्यापेक्षा सोसायला हलका असतो, हे धाकट्या बहिणीला कुणी शिकवलेलं नसतं. केस वाळवायला ड्रायर हातात घेतल्यावर ती आधी "आवाज येणार!" म्हणून ओरडते, आणि दादाचे हेडफोन कानावर नीट बसेपर्यंत बटणावर अंगठा ठेवून उभी राहते.