अभियंत्यांचे बंड (अमेरिका, १९१०–१९३५)

अमेरिकेतील मूलगामी संस्थावादी अर्थशास्त्रात (बाजाराच्या सूत्रांऐवजी समाजातील संस्था, सवयी आणि सत्ता यांतून अर्थव्यवहार समजून घेणाऱ्या विचारात) आणि त्याच काळातील अभियंत्यांच्या राजकीय चळवळीत एकच प्रश्न होता: कारखाना कोणासाठी चालवायचा? तो सर्वांत धारदारपणे मांडला थॉर्स्टीन व्हेब्लेन (१८५७–१९२९) यांनी. नॉर्वेतून आलेल्या शेतकरी कुटुंबात विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेल्या व्हेब्लेन यांचे ‘द इंजिनिअर्स अँड द प्राइस सिस्टिम’ हे पुस्तक १९२१ साली आले.

भट्टी धडधाकट आहे, कामगार दारात उभे आहेत, लोकांना मालही हवा आहे. तरी भट्टी थंड ठेवली जाते, कारण माल वाढला की भाव पडतो. व्हेब्लेन यांनी याला ‘सॅबोटाज’, म्हणजे मुद्दाम काम अडवणे, म्हटले. हा शब्द तोवर संपकऱ्यांवर फेकला जाई. त्यांनी तो मालकांच्या पदरात घातला. उत्पादन चालते अभियंत्यांच्या ज्ञानावर आणि रोखले जाते दूर बसलेल्या भागधारकांच्या नफ्यासाठी, म्हणून सूत्रे ‘तंत्रज्ञांच्या सोव्हिएत’कडे, म्हणजे तंत्रज्ञांच्या परिषदेकडे, जावीत, असे त्यांचे म्हणणे. मात्र पगारावर समाधानी असलेले अभियंते इतक्यात उठणार नाहीत, हेही त्यांनीच लिहून ठेवले.

त्यांना आधार अगदीच नव्हता असे नाही. कामाच्या वेळापत्रकासाठी आजही वापरला जाणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या हेन्री गँट यांनी १९१६ मध्ये ‘न्यू मशीन’ ही उद्योगाची सूत्रे अभियंत्यांकडे मागणारी संघटना काढली होती. १९२१ च्या ‘वेस्ट इन इंडस्ट्री’ अहवालात अभियंत्यांनीच उद्योगातील निम्म्याहून अधिक नासाडीचा दोष व्यवस्थापनावर ठेवला. हॉवर्ड स्कॉट यांची टेक्नोक्रसी, म्हणजे अर्थव्यवस्था तंत्रज्ञांनी चालवावी म्हणणारी, चळवळ मंदीच्या दिवसांत भडकली आणि १९३३ च्या सुरुवातीलाच फुटली.

खरे मोल अभियंते मॉरिस कुक यांच्या कामाचे. फिलाडेल्फियाचे सार्वजनिक बांधकाम संचालक असताना त्यांनी विजेच्या चढ्या दरांविरुद्ध स्थानिक वीज कंपनीशी झुंज दिली. साक्षीला तज्ज्ञ मिळेनात, कारण जाणते अभियंते बहुधा वीज कंपन्यांशीच बांधलेले. अखेर १९१६ मध्ये दर उतरले. सोव्हिएत कधी उभी राहिली नाही; पण हेच कुक १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासनाचे पहिले प्रमुख झाले. तेव्हा अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती; खासगी कंपन्यांना तिकडे तारा नेणे परवडत नव्हते. त्या तारा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी सरकारी कर्जावर ओढल्या.