शिकारी रायफलीची नळी : जड आणि हलकी

शिकारीच्या रायफलीत नळीचे वजन हे तिची बाहेरची जाडी आणि लांबी यांवर अवलंबून असते. आतले छिद्र काडतुसाने ठरवून दिलेले असते. त्याभोवती पोलाद किती ठेवायचे एवढेच बनवणाऱ्याच्या हातात उरते. काडतूस बसते त्या चेंबरपाशी वायूचा दाब सर्वाधिक असल्यामुळे तेथे सगळ्याच नळ्या जाड ठेवाव्या लागतात. खरा फरक दिसतो तो चेंबरच्या पुढे, नळी कशी निमुळती होत जाते त्यात. तोंडापाशी साधारण १४ ते १५ मिमी. व्यास उरणाऱ्या नळीला हलकी किंवा ‘स्पोर्टर’ नळी म्हणतात, तर २० ते २३ मिमी. व्यासाच्या नळीला जड किंवा ‘व्हार्मिंट’ नळी म्हणतात. जवळजवळ न निमुळणाऱ्या, दंडगोलासारख्या नळीला ‘बुल बॅरल’ असे नाव आहे. या टोकांच्या दरम्यान अनेक आकार मिळतात आणि शिकारीच्या बहुतेक रायफली त्यांपैकीच एखाद्या आकाराच्या असतात.

जाड नळी म्हणजे अधिक सुरक्षित नळी, असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. नीट बनवलेली हलकी नळीही आपल्या काडतुसाचा दाब पुरेपूर सोसते. जाड नळी मुळातच अधिक अचूक असते, हेही अर्धेच खरे. अचूकता प्रथम ठरते ती छिद्र किती सरळ व एकसारखे आहे, गोळीला फिरकी देणारे आतले आटे किती सफाईने पाडले आहेत, चेंबर छिद्राशी एका अक्षात आहे की नाही आणि तोंडाची कड निर्दोष आहे की नाही यांवरून. या बाबी साधल्या असतील, तर बोरूसारखी बारीक नळीही पहिल्या गोळ्या एकमेकींना लागून टाकते. जाडीने मिळते ते सातत्य : हीच अचूकता दहाव्या आणि पंधराव्या गोळीपर्यंत टिकते.

यामागचे पहिले कारण ताठपणा. गोळी नळीतून बाहेर पडायला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो; तेवढ्या अवधीत नळी छेडलेल्या तारेसारखी कंप पावते आणि गोळी सुटते त्या क्षणी तोंड कोणत्या दिशेला आहे यावर तिचा मार्ग ठरतो. नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, वजन मात्र वर्गाच्याच प्रमाणात. समजा, ६० सेंमी. लांबीच्या आणि ७.६२ मिमी. छिद्राच्या दोन सरळ दंडगोल नळ्या घेतल्या, एक १६ मिमी. व तिची जोडीदार २२ मिमी. व्यासाची. पहिलीचे वजन सुमारे ०.७३ किग्रॅ. आणि दुसरीचे १.५८ किग्रॅ. भरेल. वजन दुपटीहून थोडे अधिक वाढले, ताठपणा मात्र जवळजवळ पावणेचार पट झाला. प्रत्यक्षातील निमुळत्या नळ्यांचे आकडे वेगळे येतात, पण प्रमाणाचा कल हाच राहतो. जड नळीला काडतुसाचा प्रकार किंवा दारूचे वजन बदलल्याचे फारसे सोयरसुतक नसते. हलकी नळी मात्र अनेकदा एखादेच काडतूस मनापासून स्वीकारते आणि बाकीची विखरून टाकते.

दुसरे कारण उष्णता. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसातील दारूच्या ऊर्जेचा बराच मोठा वाटा नळीच्या पोलादात शिरतो. ढोबळ हिशेबाने वरच्या बारीक नळीचे तापमान दर गोळीला आठ-नऊ अंशांनी, तर जाड नळीचे चार अंशांनी वाढते. पोलाद तापल्याने प्रसरण पावते, हा प्रश्न नव्हे; ते सगळीकडे सारखे प्रसरण पावत नाही, हा प्रश्न आहे. नळी सरळ करताना किंवा आटे पाडताना पोलादात अंतर्गत ताण राहून गेले असतील, तर तापल्यावर ती किंचित वाकते. अशा नळीने १०० मीटरवरच्या कागदावर गोळ्या झाडल्या, की पहिल्या दोन छिद्रांच्या कडा एकमेकींना भिडतात, तिसरे बोटभर वर जाते आणि चौथे-पाचवे त्याच तिरक्या रेषेत आणखी पुढे सरकते. नळी हाताला गार लागेपर्यंत थांबून पुन्हा झाडले, की नवे छिद्र पहिल्या दोघांशेजारी येऊन बसते. ताण नाहीसे करण्यासाठी उष्मोपचार केलेल्या चांगल्या नळीत ही सरक फार कमी असते. म्हणजे हा दोष केवळ बारीकपणाचा नाही. बारीकपणामुळे तो उघड होतो, एवढेच.

शिकाऱ्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथे येतो. हरणासारख्या जनावराच्या शिकारीत नळी पूर्ण थंड असताना सुटणारी पहिली गोळी निर्णायक ठरते, क्वचित दुसरी. हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र सुमारे २० ते २५ सेंमी. रुंद असते. एक कोनीय मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २९ मिमी. भरतो; त्या हिशेबाने दोन कोनीय मिनिटांच्या पसाऱ्यात गोळ्या टाकणारी रायफल २०० मीटरवर १२ सेंमी.च्या आत राहते. त्यामुळे दहाव्या गोळीपर्यंत टिकणारे सातत्य, म्हणजे जड नळीचा मुख्य गुण, अशा शिकारीत बहुतेक वेळा वापरलाच जात नाही. त्याचे ओझे मात्र दिवसभर वाहावे लागते. याउलट अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर प्रेअरी डॉगसारख्या छोट्या प्राण्यांवर एकाच जागी बसून शेकडो मीटरवरून डझनावारी गोळ्या झाडल्या जातात. तेथे लक्ष्य मुठीएवढे असते, रायफल वाळूच्या पिशवीवर असते आणि हलकी नळी थोड्याच वेळात इतकी तापते, की तिच्यावरून उठणाऱ्या गरम हवेने दुर्बिणीतील चित्रही लहरू लागते. जड नळीचे ‘व्हार्मिंट’ हे नाव अशाच उपद्रवी प्राण्यांवरून आले आहे.

वजनाचा आणखी एक गुण अचूकतेच्या चर्चेत मागे पडतो, तो म्हणजे स्थैर्य. तोंडाकडे वजन असलेली रायफल उभ्याने नेम धरताना हळू झुलते. चढण चढून आलेला शिकारी धापा टाकत रायफल खांद्याला लावतो, तेव्हा हलक्या नळीचे टोक प्रत्येक श्वासाला आणि नाडीच्या ठोक्याला उडते. चाप ओढताना बोटाचा किंचित तिरका जोरही तिला बाजूला ढकलतो. जड नळी या बारीक हालचाली गिळून टाकते. मात्र हीच नळी चार तास खांद्यावर वाहिलेली असेल, तर थकलेले हात तिचा हा फायदा परत घेतात. दाट झाडीत, जेथे सावज दोन-तीन सेकंदच दिसते, तेथे पुढे जड असलेली रायफल वळवायला उशीर लागतो.

धक्क्याचे गणित सरळ आहे. ९.७ ग्रॅ. वजनाची गोळी ८६० मी./से. वेगाने सोडणारी ३ किग्रॅ.ची रायफल सुमारे २४ जूल ऊर्जेने मागे येते, तीच ४.५ किग्रॅ.ची असेल, तर १६ जूल. हलकी रायफल घेणाऱ्याने काडतूसही माफक घ्यावे, हा सल्ला यातूनच निघतो. मोठ्या मॅग्नम, म्हणजे अधिक दारूच्या जोरकस काडतुसाची पेन्सिलसारखी रायफल दुकानात हातात घेतल्यावर मोहात पाडते, पण सरावात तिच्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटण्याची सवय लागते. ही सवय नळीच्या कोणत्याही दोषापेक्षा महागात पडते.

हलकेपणाचा शोध जुना आहे. आल्प्समधील शिकाऱ्यांना प्रिय असलेल्या मानलिशर-शोनाउअरच्या १९०३ सालच्या कार्बाइनची, म्हणजे आखूड रायफलीची, नळी केवळ ४५ सेंमी. होती. अमेरिकेत १९३६ मध्ये आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० या रायफलीची ‘फेदरवेट’ आवृत्ती १९५२ मध्ये निघाली. तिच्यात नेहमीच्या २४ इंचांऐवजी २२ इंचांची बारीक नळी व काही सुटे भाग ॲल्युमिनियमचे होते. त्याच कंपनीने त्याच दशकात जड नळीची व्हार्मिंट आवृत्तीही विकायला काढली. एकाच रायफलीने दोन्ही कामे होत नाहीत, याची ही बाजारी कबुलीच म्हणावी.

मधले मार्ग तीन आहेत. पहिला, लांबी कमी करणे. ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून ६० सेंमी.ची नळी ५० सेंमी. केली की ती सुमारे पावणेदोन पट ताठ होते आणि वजनही घटते. गोळीचा वेग काहीसा कमी होतो व आवाज अधिक कर्कश होतो, पण मध्यम अंतराच्या शिकारीत हा सौदा बहुधा फायद्याचा ठरतो. दुसरा, नळीच्या बाहेरून उभ्या पन्हळी पाडणे. याविषयी जाहिराती बरेच घोळ घालतात : पन्हळी नळी तेवढ्याच वजनाच्या साध्या नळीपेक्षा ताठ असते, पण मूळच्या न कोरलेल्या जाड नळीपेक्षा नव्हे. तिसरा, पातळ पोलादी नळीवर कार्बन तंतूंचे वेष्टन. या वेष्टनाची घनता पोलादाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असल्याने जाडी वाढूनही वजन कमी राहते. किंमत मात्र बरीच चढते, आणि तंतू जोडणारी राळ उष्णता सहज वाहून नेत नसल्यामुळे बाहेरून गार लागणारी नळी आतून गरम असू शकते.

तोंडाला ध्वनिशामक लावायचा असेल, तर जाडीचा प्रश्न निवड करण्याआधीच सोडवावा लागतो. शामक फिरवून बसवण्यासाठी तोंडाबाहेर पाडायचा एक प्रचलित आटा ५/८ इंचाचा, म्हणजे १५.९ मिमी.चा असतो, १४-१५ मिमी.च्या तोंडावर तो पाडताच येत नाही, आणि लहान आटा पाडला तरी शामक टेकायला पुरेशी कड उरत नाही. शिवाय टोकाला वाढलेल्या वजनाने बारीक नळीचा कंप बदलतो, म्हणून शामकासह आणि शामकाविना नेम वेगवेगळा तपासावा लागतो.

हलक्या नळीची रायफल घेतलेल्यांनी दस्ता व नळी यांच्यामध्ये कागदाची पट्टी मोकळी सरकते का, हे आधी पाहावे. दमट हवेत फुगलेले लाकूड एका बाजूने टेकले, तरी बारीक नळीचा नेम सरकतो. नेम बसवतानाही एका बैठकीत वीस गोळ्या झाडण्याऐवजी पाच-सहा वेगवेगळ्या दिवशी थंड नळीतून एकेक गोळी एकाच कागदावर झाडावी. त्या पाच-सहा छिद्रांचा मध्य ज्या ठिकाणी येतो, त्यावर दुर्बीण बसवतात.