दृष्टिपटलविकार व वक्रीभवनदोष

दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या मागील भागातील प्रकाशग्राही पटल; बोलीत ‘पडदा’) आजारांमुळे चष्म्याच्या नंबरात पडणारा फरक. प्रकाश वळवण्याचे काम पारपटल (बुबुळावरील पारदर्शक आवरण) व नेत्रभिंग करतात. तरीही पडदा पुढे-मागे सरकला की नंबर बदलतो. प्रौढ डोळ्याची लांबी सुमारे २४ मिमी. असून तीत १ मिमी. फरक पडल्यास नंबर साधारण २.५ ते ३ डायॉप्टरने (चष्म्याच्या नंबराचे एकक) बदलतो.

पीतबिंदूखाली (पडद्याच्या मध्यावरील सर्वांत स्पष्ट दिसणारा भाग) पाणी साचल्यास (जर्मन नेत्रवैद्य ग्रेफे यांनी वर्णन केले, १८६६) तात्पुरती दूरदृष्टिता (जवळचे अंधुक दिसणे, अधिक म्हणजे ‘प्लस’ नंबर) येते. निसटलेला पडदा बसवण्यासाठी श्वेतपटलाभोवती (डोळ्याचे पांढरे बाह्य आवरण) पट्टा आवळला, तर डोळा लांबट होऊन निकटदृष्टिता (दूरचे अंधुक दिसणे, उणे म्हणजे ‘मायनस’ नंबर) येते. डोळ्यात सिलिकॉन तेल भरल्यास नैसर्गिक भिंग शाबूत असताना ‘अधिक’ (प्लस) नंबर वाढतो. भिंग काढलेले असेल, तर तोच कमी होतो.

आनुवंशिक विकारांतील कार्यकारणभाव वादग्रस्त आहे. रंगकणी दृष्टिपटलविकृतीत (रेटिनायटिस पिगमेंटोसा; प्रकाशग्राही पेशी हळूहळू झिजण्याचा विकार), विशेषतः तिच्या एक्स-गुणसूत्री प्रकारात, निकटदृष्टिता वारंवार आढळते; लेबर यांच्या जन्मजात अंधत्वात मात्र बहुधा मोठी दूरदृष्टिता. अंधुक प्रतिमेमुळे डोळा वाढतो, या मताला वीझेल व राव्हिओला यांच्या माकडांवरील प्रयोगांनी (१९७७) बळ दिले. पुढे कोंबडीच्या पिलांत दृक्-तंत्रिका (डोळा व मेंदू जोडणारी नस) कापल्यावरही ही वाढ झाली. त्यामुळे वाढीचा संकेत मेंदूतून नव्हे, दृष्टिपटलातूनच निघतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पण वरील दोन्ही आनुवंशिक विकार प्रकाशग्राही पेशींचेच असताना नंबर उलट दिशांना का जावा, याचा उलगडा त्याने होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकांतील दृष्टिपटलविकाराला डोळा वाढून नंबर येण्याचा हा नियम तर लागूच पडत नाही. तेथील निकटदृष्टिता मुख्यतः अधिक वक्र पारपटल व जाड भिंग यांमुळे येते, लांबीमुळे नव्हे.

सोलापुरात विडी वळणे, यंत्रमाग यांसारखी जवळून पाहण्याची कामे पुष्कळांच्या वाट्याला येतात. तरी एकाच डोळ्याचा नंबर अचानक बदलल्यास कामाला दोष देण्याआधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घेणे इष्ट.

मधुमेहात साखरेबरोबर हलणारा नंबर पडद्याच्या माथी मारला जातो, तो बहुतांशी भिंगातील बदलामुळे हलतो. साखर स्थिरावेपर्यंत नवा चष्मा करू नये. पीतबिंदूला सूज असल्यास मात्र दोन्ही कारणे एकत्र येतात.