चोवीस तासांचा खेळ आणि रात्रीचा प्रश्न

व्हिडिओ कलाकृती 24 तासांची आणि संग्रहालय मात्र सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच उघडे. उरलेले 17 तास कोणी आणि कधी पाहायचे? जगभरची व्हिडिओ कला सलग दाखवायला निघालेल्या आयोजकांची या प्रश्नातून गेल्या पंधरा वर्षांत सुटका झालेली नाही. अशा कलाकृतीसाठी संग्रहालयाने रात्रभर दारे उघडी ठेवावीत की नाही, या वादाचे मूळही त्यातच आहे.

प्रेक्षकाला तासन्‌तास बसवण्याचे प्रयोग तसे जुने. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात पियानोवरची एकच लहानशी रचना 840 वेळा वाजवली गेली. वादक आळीपाळीने बसत होते आणि कार्यक्रम 18 तासांहून जास्त चालला. तिकीट पाच डॉलरचे होते, पण बसलेल्या दर 20 मिनिटांमागे प्रेक्षकाला पाच सेंट परत मिळत. पुढच्याच वर्षी त्याच शहरातल्या एका गगनचुंबी इमारतीवर रात्रभर कॅमेरा रोखला गेला. सुमारे साडेसहा तासांचे ते चित्रण संथ गतीने दाखवल्यावर आठ तास पाच मिनिटांचे झाले. 1993 मध्ये ग्लासगोतल्या जुन्या ट्राम डेपोत एक गाजलेला थरारपट सेकंदाला साधारण दोन चौकटी इतका हळू चालवून पूर्ण दिवसभर ताणला गेला.

व्हिडिओची लांबी वेगळ्या कारणाने अडली होती. खांद्याला अडकवून नेता येणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रांची टेप अर्ध्या तासात संपायची. प्रदर्शनात ती चालू ठेवायची तर कोणीतरी शेजारी बसून टेप गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. डीव्हीडी आल्यावर हे काम आपोआप होऊ लागले. त्यानंतर संगणक आले आणि लांबीवरची मर्यादाच उठली. परिणाम 2002 मध्ये जर्मनीतल्या कासेलला दिसला. तिथल्या शंभर दिवसांच्या महाप्रदर्शनात फिल्म आणि व्हिडिओ मिळून 600 तासांहून अधिक ऐवज आहे, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. रोज आठ तास पाहणाऱ्यालाही अडीच महिने लागले असते. गॅलरीत डोकावून पुढे जायची पद्धत मोडून, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बसून सलग पाहावे, ही तासन्‌तास चालणाऱ्या ‘मॅरेथॉन’ खेळांमागची कल्पना अशा ठिकाणी पटू लागते.

खरे वळण ऑक्टोबर 2010 मध्ये लंडनमध्ये आले. ‘द क्लॉक’ ही 24 तासांची कलाकृती तिथे पहिल्यांदा दाखवली गेली. जगभरच्या चित्रपटांतले घड्याळ दाखवणारे किंवा वेळ सांगणारे सुमारे 12,000 तुकडे त्यासाठी जोडलेले आहेत. पडद्यावर जी वेळ, तीच प्रेक्षकाच्या मनगटावर, कारण एका संगणक प्रणालीने खेळ स्थानिक वेळेशी बांधलेला असतो. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात तिच्यासाठी कलाकाराला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. मग बोस्टन आणि ओटावाच्या संग्रहालयांनी मिळून एक प्रत घेतली. लंडन, पॅरिस आणि जेरुसलेम यांनी मिळून दुसरी घेतली. (चित्रपटांचे तुकडे परवानगीशिवाय वापरल्याचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, तो इथे बाजूला ठेवला आहे.)

भांडण आहे ते रात्रीचे. एरवी नेहमीच्या वेळात दाखवा, पण मधूनमधून तरी दारे रात्रभर उघडी ठेवा, हा ‘द क्लॉक’च्या कलाकाराचा आग्रह. संग्रहालयांची अडचणही खरी होती. रात्रपाळीचे पहारेकरी, त्यांचा जादा भत्ता, स्वच्छता, वीज आणि पहाटे तीनला दहा-बारा डोकी. शिवाय ‘उठा आता’ असे कोणाला म्हणायचे नाही. पांढऱ्या सोफ्यावर जागा मिळालेला माणूस चार तास बसला तरी चालेल आणि बाहेरची रांग तोवर थांबेल. 2011 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये लोक भर थंडीत रात्री रस्त्यावर उभे राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात लॉस एंजेलिसने सलग 24 तासांचा खेळ लावला. 2012 च्या शेवटच्या रात्री न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने नववर्षाचे स्वागतही याच पडद्यासमोर केले. 2018 मध्ये लंडनला चार महिने प्रवेश मोफत होता, पण रात्रभर उघडे राहायचे दिवस तीनच: 6 ऑक्टोबर, 3 नोव्हेंबर आणि 1 डिसेंबर.

एवढ्यावर भागले, असे म्हणवत नाही. रात्री 10 वाजून 4 मिनिटांनी एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटातली वीज घड्याळाच्या मनोऱ्यावर कोसळते. मध्यरात्रीच्या ठोक्याला लंडनचा प्रसिद्ध घड्याळमनोरा स्फोटात उडतो. पहाटेच्या तासांत झोपलेली, दचकून उठणारी, फोनच्या घंटीने हादरणारी माणसे येत राहतात. त्या वेळचे तुकडे चित्रपटांत मुळातच कमी, म्हणून ते शोधायला सर्वांत कष्ट पडले. दिवसा येणाऱ्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. कादंबरीची मधली दोनशे पाने वाचायला देऊन पुस्तक वाचनालयात उपलब्ध आहे असे सांगावे, तसा हा प्रकार आहे. पहाऱ्याचा खर्च मोठा असतो हे मान्य. पण 24 तासांची कलाकृती विकत घेणाऱ्याला रात्र येणार हे खरेदीच्या दिवशीच माहीत असते.

आपल्याकडे रात्रभर बसण्याची सवय नवी नाही. पुण्यातला डिसेंबरचा संगीत महोत्सव एकेकाळी उजाडेपर्यंत चालायचा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद केले आणि ती प्रथा मोडली. वर्षातून मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, त्यापलीकडे नाही. मात्र हाच नियम बंदिस्त सभागृहांना सूट देतो, ही गोष्ट आयोजकांच्या चर्चेत फारशी येत नाही. मैदानात पडदा लावून पहाटेपर्यंत खेळ करता येणार नाही, पण सभागृहात तो नियम आड येत नाही. दुसरी पायरी सेन्सॉरची. प्रमाणपत्र नसलेली परदेशी कामे महोत्सवात दाखवायची तर केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. सलग 24 तासांच्या कार्यक्रमात दहा-दहा मिनिटांची कामे भरायची म्हटली तर ती जवळपास दीडशेच्या घरात जातात. एवढ्यांची कागदपत्रे गोळा करायला वेळ लागतोच, म्हणून सभागृह ठरवण्याआधी कामांची यादी पक्की करणे भाग पडते.