पावसानंतरचे पुष्पछायाचित्रण

पाऊस थांबल्यावर बागेतली ओली फुले जवळून टिपण्याचा छायाचित्रणाचा प्रकार. महाराष्ट्रात त्याचा खरा हंगाम श्रावण-भाद्रपदाचा. सरी येऊन-जाऊन असतात आणि तेरडा, सोनटक्का, गोकर्ण, कर्दळ, जास्वंद सगळेच बहरात असते.

ढगाळ आभाळाचा उजेड चहूबाजूंनी पसरून येतो. सावल्या गडद होत नाहीत आणि लालभडक जास्वंदीच्या पाकळीवरच्या शिराही हरवत नाहीत. ओल्या पानांवर मात्र आभाळाची पांढरट चकाकी येते. लेन्सपुढे लावलेला पोलरायझर (चकाकी कापणारा) फिल्टर फिरवून ती उतरवली की खाली दडलेला हिरवा रंग उजळतो.

या प्रकाराचा प्राण म्हणजे थेंब. अळवाच्या पानावरून तो घरंगळतो, पण गुलाबाच्या पाकळीवर गोल राहूनही घट्ट चिकटतो, पाकळी उलटी धरली तरी सुटत नाही. म्हणून नवशिक्याने गुलाबापासून सुरुवात करावी. लोंबता थेंब बहिर्वक्र भिंगासारखा वागतो आणि मागच्या फुलाची चिमुकली, उलटी प्रतिमा दाखवतो. ही प्रतिमा थेंबाच्या कडेच्या प्रतलात नसते, किंचित पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होते. कडेवर फोकस केला तर आतले फूल पुसट येते, फुलावर केला तर कड विरघळते. मॅक्रो अंतरावर, म्हणजे अगदी जवळून टिपताना, स्पष्टतेची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती) जेमतेम काही मिलिमीटर असते. लेन्सचे छिद्र एफ/८ ते एफ/११ इतके लहान ठेवूनही निवड करावीच लागते. अशा वेळी आतल्या फुलाची बाजू घ्यावी, कारण पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते. वाऱ्याने देठ हलत असल्यास शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद हवे.

पहाटे गवताच्या टोकांवर ओळीने दिसणारे थेंब नेहमी पावसाचे किंवा दवाचे नसतात. बरेचदा ते रोपाने स्वतःच बाहेर टाकलेले पाणी असते. काही जण ग्लिसरीन मिसळलेले पाणी फवारतात. ते थेंब लवकर सुकत नाहीत. स्टुडिओत ते चालेल, पण असे चित्र पावसाचे म्हणून दाखवणे योग्य नाही.

वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट दमट बागेत नेला तर लेन्सवर वाफ धरते, त्यामुळे तो आधी काही वेळ बंद पिशवीतच बाहेर ठेवतात. कोकणासारख्या हवेत लेन्सला आतून बुरशी लागते. पावसाळाभर ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.